भुसावळ ते अंधेरी, फुटबॉलच्या अवे मॅचसाठी: भाड्याच्या सतरा सीटर ट्रॅव्हलरचा रिव्ह्यू

गाडीला तीन स्टार, ड्रायव्हरला पाच, मालकाच्या हिशेबाला दोन. याची सरासरी काढू नका, कारण तुम्ही बुक कराल तेव्हा तुमच्या वाट्याला यातलं काय येईल ते कोणी सांगू शकत नाही. ट्रॅव्हल्सचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि मालक रोज चहाच्या टपरीवर भेटतो. तसंही आमच्याकडच्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या अटी थोड्याफार सारख्याच असतात, त्यामुळे नावावाचून अडणार नाही.

भुसावळचा माणूस मुंबईला गाडी करून निघाला की लोक दोनच गोष्टी विचारतात: लग्न कोणाचं, नाहीतर पेशंट कोण. जंक्शनचं गाव. दिवसरात्र गाड्या. मी स्वतः लोको शेडला, खिशात पास. शेडमध्ये महिनाभर चेष्टा झाली, "रेल्वेचा माणूस अन् रोडने चालला भो!" पण १ मार्च २०२५, शनिवार, मुंबई सिटी विरुद्ध कोलकात्याचं आमचं मोहन बागान, अंधेरीत, म्हणजे समोरच्यांच्या मैदानावर, संध्याकाळची मॅच, आणि आम्ही चौदा जण. त्यात तीन शाळकरी पोरं, एक ढोल, आणि सत्तरी ओलांडलेले आमच्या कॉलनीतले बंगाली काका, ज्यांचे गुडघे दादरच्या पुलावर चढायला तयार नाहीत. मॅच संपल्यावर सगळ्यांना घेऊन रात्रीची गाडी पकडायची, वेटिंग लिस्ट घेऊन, ढोलासकट. टीसी माझ्या ओळखीचा निघाला असता तरी मी ते केलं नसतं.

मोहन बागान भुसावळात कुठून आलं, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, बाजूला वरणगावची फॅक्टरी आहे. नोकरीच्या निमित्ताने बंगाली कुटुंबं आली आणि काही इथलीच झाली. काका आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. १९११ साली मोहन बागानच्या अनवाणी खेळणाऱ्या पोरांनी इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा कशी जिंकली, ही गोष्ट मी त्यांच्या ओट्यावर इतक्यांदा ऐकली, की शाळेत १९११ म्हटलं की मला दिल्ली दरबार आठवायच्या आधी त्या संघाचे कॅप्टन शिबदास भादुरी आठवायचे. बाकीची पोरं क्रिकेटला गेली, आम्ही चार-पाच जण हिरव्या-मरून रंगात अडकलो. आता आमची पोरंही अडकलीत.

ही मॅच का, याचंही कारण होतं. त्या सीझनची इंडियन सुपर लीगची शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचा मान, तर आधीच खिशात पडली होती, २३ फेब्रुवारीला ओडिशाविरुद्ध भरपाई वेळेत गोल मारून. पण ४ मे २०२४ ची त्याच लीगची फायनल आम्ही विसरलो नव्हतो. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, आमच्याच घरात, मुंबईने ३-१ ने हरवलं होतं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये याच अंधेरीच्या मैदानावर दोन्ही संघांना मिळून सात लाल कार्डं निघाली होती. असल्या मॅचला टीव्हीसमोर बसून राहणं बरं दिसत नाही.

आता गाडीकडे येतो.

आमच्याकडे ट्रॅव्हलरचा भाव किलोमीटरवर ठरतो. आम्हाला एसी सतरा सीटर २६ रुपये किलोमीटरने मिळाली. रोजचे किमान ३०० किलोमीटर धरणार, म्हणजे गाडी कमी फिरली तरी तेवढ्याचे पैसे. ड्रायव्हर भत्ता दिवसाला ५००, टोल आणि पार्किंग आपलं. इथपर्यंत सरळ. मेख दोन ठिकाणी असते. एक, ‘दिवस’ म्हणजे चोवीस तास नाही, तारीख. रात्री बारा वाजले की दुसरा दिवस लागतो. देवदर्शनाला जाणाऱ्यांना हे चालतं, कारण ते मुक्काम करतात. मॅचवाला शनिवारी पहाटे निघतो आणि रविवारी पहाटे परततो, पण बिलात त्याचे दोन दिवस पडतात आणि भत्ताही दोनदा. दोन, ‘गॅरेज टू गॅरेज’. किलोमीटर तुमच्या दारापासून मोजत नाहीत, गाडी जिथे उभी असते तिथून मोजतात. आमची गाडी उभी होती वरणगावला. म्हणजे आमच्या चौकात यायच्या आधीच मीटर पंधरा किलोमीटर पळालेलं, आणि आम्हाला सोडून परत जातानाचे पंधरा वेगळे.

मालकाला अवे मॅच म्हणजे काय ते समजावताना माझी दमछाक झाली. "मुक्काम कुठं?" मुक्काम नाही. "मग शिर्डी करून येता का येताना? वणी?" नाही. "फक्त मॅच?" फक्त मॅच. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सहा तासात अंधेरीला टाकतो, भाऊ." हे ऐकलं की हसायचं आणि सोडून द्यायचं. अशा प्रवासी गाड्यांना ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. ४२०-४३० किलोमीटर, मध्ये कसारा घाट, पुढे भिवंडी. सहा तासात फक्त फोन पोहोचतो. मी पहाटे पाचची वेळ दिली आणि संध्याकाळच्या मॅचला दुपारी तीनपर्यंत मुंबईत पाय ठेवायचा असं धरून चाललो.

गाडी आली पाच पस्तीसला. लग्नसराई चालू होती आणि ही गाडी आदल्या रात्री वऱ्हाड सोडून आमच्याकडे आली होती हे सांगायला कोणी नको होतं. पुढच्या काचेवर ‘शुभविवाह’चा कागद, बाजूच्या आरशांना झेंडूच्या माळा, सीटांच्या फटीत अक्षता. पोरांनी माळा काढल्या नाहीत. त्यांच्यावरच हिरवा-मरून झेंडा बांधला, आणि जळगावपर्यंत लोक वाकून वाकून बघत होते की हे कोणत्या जातीचं लग्न आहे.

शेडमधला माणूस असल्यामुळे मी बसायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारतो. स्टेपनी काढून दाखवा म्हटलं, दाखवली, नक्षी ठीक होती. चालू करताना बेल्टची किरकिर होती, गरम झाल्यावर थांबली. सीटा पुशबॅक असल्या तरी डावीकडच्या दोन सीटा मागे गेल्या की पुढे येत नव्हत्या. एसी पुढच्या चार ओळींना काश्मीर, शेवटच्या बाकाला जळगावचा मे महिना. शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही मागे येतो, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला तिथला माणूस छताला नमस्कार करतो. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी दाराजवळची एकटी सीट मागून घ्यावी. काकांना तीच दिली.

गाडीचे तीन स्टार इथेच संपतात. खरा विषय ड्रायव्हर.

पारोळ्याकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलणं अहिराणी, कपाळाला अष्टगंध. एरंडोल येईपर्यंत आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायला लागलो होतो. नाक्यावर नाश्त्याला उतरलो तर त्यांनी फक्त चहा घेतला. वहिनींनी दिलेलं भरीत आम्ही धुळ्याच्या अलीकडे उघडलं. तूरकाठ्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली मिरची-लसूण, वरून कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. सीझन संपत आला होता, वांगी थोडी बियाळ होती, पण मार्चमध्ये याहून चांगलं मिळत नाही. एसी गाडीत भरीत उघडू नये असं माझं मत झालंय, कारण तो लसणाचा वास पडद्यांत बसला तो भिवंडीपर्यंत उतरला नाही. आप्पांना डबा पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ, उतरल्यावर खास," म्हणजे उतरल्यावर खातो. खाऊन गाडी चालवली की डोळा लागतो म्हणे. चौदा जणांमध्ये एवढी शिस्त एकाचीही नव्हती.

धुळ्यापर्यंतचा रस्ता आता चौपदरी झाल्यामुळे सुखाचा आहे. ज्यांनी जुना सहा नंबर हायवे पाहिलाय, फागण्याजवळच्या ट्रकांच्या रांगा पाहिल्यात, त्यांना हे लगेच कळेल. लळिंगचा किल्ला मागे पडला, मालेगाव, मग चांदवडचा राहुड घाट. पिंपळगावला द्राक्षांच्या बागा आणि रस्त्याकडेला बेदाण्याचे स्टॉल. कसारा आप्पांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा ड्रायव्हर असेल तर माझ्या पोटात गोळा येतो, लायनर तापल्याचा वास मला शेडमधून चांगला ओळखता येतो. तो वास आला नाही. पुढे भिवंडीच्या तोंडाशी कंटेनरांच्या गर्दीत तासभर गेला. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, त्यामुळे आता जाणाऱ्यांना कसारा टाळता येईल. आमच्या वेळी त्या टप्प्यावरचे बोगदे बंद होते.

ठाणे जवळ आलं तसं मी आप्पांना म्हटलं, आता अंधेरीला कुठून जाणार? त्यांनी उलट मलाच विचारलं, तिथं एवढी मोठी गाडी लावणार कुठं? मग त्यांनी जे सुचवलं ते या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात कामाचं. गाडी घाटकोपरला आणायची, आम्ही तिथे उतरायचं, आणि मेट्रोने आझाद नगरला जायचं. घाटकोपर हे मेट्रो वनचं एक टोक, पूर्व द्रुतगती मार्गाच्या बाजूचं. आझाद नगर हे स्टेशन अंधेरीच्या पुढचं, आणि तिथून मैदान चालत जाण्याएवढं. शनिवारी दुपारी आम्ही त्याच गाडीने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून गेलो असतो तर वॉर्म-अप सोडाच, पहिला हाफही हुकला असता. मी थक्क झालो आणि विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, पेशंट घेऊन येतो ना. वर्षानुवर्षं टाटाला, केईएमला माणसं आणून सोडणारा खान्देशातला ड्रायव्हर मुंबईत कुठे गाडी लागते, कुठे संडास स्वच्छ आहे आणि कुठे वीस रुपयांत पोटभर मिळतं हे मुंबईकरापेक्षा चांगलं जाणतो. काकांना लिफ्टने वर नेलं, गुडघ्यांची तक्रार आली नाही.

ढोल आणि झेंड्याची काठी आप्पांकडे गाडीत ठेवली. मैदानाच्या गेटवर काठीवरून वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि ढोल नेऊ द्यायला तिथे आपली ओळख नाही.

मॅचबद्दल फार लिहीत नाही, तो या रिव्ह्यूचा विषय नाही. मुंबई फुटबॉल अरेना लहान मैदान आहे, मध्ये धावण्याचा ट्रॅक नाही, त्यामुळे खेळाडू एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये आमच्या आजूबाजूला मुंबईत राहणारे बंगाली, आणि त्यांच्यात आम्ही चौदा खान्देशी. एकाने मला विचारलं, "दादा, कोलकाता में कहाँ से?" मी म्हटलं, भुसावळ. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मध्यंतराला आपण दोन गोलांनी पुढे होतो. संपताना २-२. काका शेवटच्या शिट्टीनंतरही बराच वेळ खुर्चीवरून उठले नाहीत, आणि मग म्हणाले, "शील्ड तो है ना." तेवढंच.

घाटकोपरला परत आलो तेव्हा आप्पा सीट मागे टाकून झोपले होते. चार-साडेचार तास झोप झाली असावी, आणि ती त्यांनी ठरवून घेतली होती. काय झालं म्हणून विचारलं. बरोबरी, म्हटलं. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे कोनीच जिकनं नई? मंग इतला लांब काबर उनात?" म्हणजे, मग एवढ्या लांब कशाला आलात? आख्खी गाडी हसली, पोरंसुद्धा, जी मेट्रोत रडवेली झाली होती.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र गंभीरपणे लिहितो. अवे मॅचचा खरा धोका रात्री एक ते चारच्या मध्ये असतो. मॅच हरो की जिंको, गाडीत सगळे आडवे होतात आणि एकटा माणूस स्टिअरिंगवर जागा राहतो. आमच्यातला एक जण पाळीने पुढे आप्पांशेजारी बसत होता, गप्पा मारायला. इगतपुरीला चहा झाला. मालेगावच्या अलीकडे आप्पांनी न विचारता गाडी पेट्रोल पंपावर घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि जाहीर केलं, "मी अर्धा घंटा झोपस." आमच्यातल्या दोघांनी कुरकूर केली, रविवारी सकाळी कोणाला तरी साखरपुड्याला जायचं होतं. आप्पांचं उत्तर: "ज्याले घाई शे, त्यानी पायी निंघानं." मी आप्पांच्या बाजूने होतो आणि आजही आहे. जो ड्रायव्हर स्वतःहून गाडी बाजूला घेतो त्याला तुम्ही काय स्टार देणार? धुळ्याजवळच्या ढाब्यावर पहाटे शेवभाजी मिळाली. काळा मसाला, वर बोटभर तर्री, जाड तिखट शेव ताटात आल्यावर टाकायची म्हणजे ती भिजत नाही. आप्पांनी तिथेही फक्त दूध-बिस्किटं घेतली. भुसावळला उजाडायला पोहोचलो.

आता दोन स्टारवाला भाग.

बिल आलं ८७८ किलोमीटरचं, २२,८२८ रुपये. भत्ता १,०००. हे बोलण्याप्रमाणे होतं. माझा आक्षेप टोलवर आला. मालकाने प्रत्येक नाक्याची एकेरी रक्कम घेतली, तिला दोनने गुणलं आणि बिलात लावली. आता, चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलात तर हायवेच्या नाक्यांवर जाण्या-येण्याचे मिळून दीडपटच पैसे लागतात, आणि फास्टॅगमध्ये ते आपोआप होतं, येताना कमी रक्कम कापली जाते. आम्ही शनिवारी सकाळी गेलो, रविवारी पहाटे आलो, म्हणजे सगळे नाके चोवीस तासांच्या आत. मी त्याला म्हटलं, फास्टॅगचे मेसेज दाखवा. आधी म्हणाला मोबाइल घरी आहे. मग म्हणाला मेसेज मुलाच्या नंबरवर येतात. मी टपरीवर बसून राहिलो. तिसऱ्या चहाला मुलगा आला, मेसेज उघडले, आणि पाचशेच्या वर फरक निघाला. मालक म्हणाला, "भाऊ, आतापर्यंत कोणी विचारलंच नाही." फरक त्याने तिथल्या तिथे फोनवरून पाठवला, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. सगळं मिळून माणशी अठराशेच्या आसपास पडले.

वरणगावच्या तीस किलोमीटरचं मात्र त्याने काही ऐकलं नाही. बुकिंगच्या वेळी ‘गॅरेज’ हा शब्द त्याने उच्चारला होता, मी ऐकला होता, त्यामुळे तिथे मी जास्त ताणलं नाही. तुम्ही गाडी करत असाल तर आधीच विचारा की ती रात्री कुठे उभी असते, आणि शक्य असेल तर गावातच उभी असलेली गाडी घ्या. निघताना आणि पोहोचल्यावर मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाका. आदल्या दिवशी गाडी लग्नाला जाणार आहे का ते विचारा, आणि जाणार असेल तर ड्रायव्हर तोच असणार का, हेही. आमच्या वेळी गाडीला वऱ्हाड झालं होतं, पण आप्पांना त्या रात्री सुट्टी होती. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी मालकाला अर्धा स्टार वाढवून द्यायचा विचार केला होता. मग टोलचं बिल आठवलं.

आप्पा आता त्या ट्रॅव्हल्सकडे नाहीत, दुसऱ्या मालकाची गाडी चालवतात. मी आता आधी त्यांना फोन करतो, तारीख मोकळी आहे का विचारतो, आणि मग ते ज्या मालकाचं नाव सांगतील त्याच्याकडे भाव करायला जातो.